बाळाचे ॲप निवडताना



“खाला, बाळाचं रोजचं सगळं लिहून ठेवायला ॲप कोणतं घेऊ?” हा प्रश्न आम्हाला गेल्या वर्षभरात सहा-सात जणींनी तरी विचारला असेल. कोणी जुन्या विद्यार्थिनी, कोणी नात्यातल्या. पूर्वी याच मुली बाळासाठी नाव सुचवा म्हणायच्या, अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर काय करावे ते विचारायच्या. आता त्यात ॲपची भर पडली. आम्हाला यात काही वावगे वाटत नाही. पहिलटकरणीला धीर हवा असतो, आणि हातात काही नोंद असली की धीर येतो.

पण या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा घाईत दिले आणि ते अंगाशी आले. ती हकिकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोरडा उपदेश वाटणार नाही.

आमच्या थोरल्या आपांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी, गेवराई तालुक्यात आली होती. जावई पुण्याकडे कंपनीत कामाला. दवाखान्यात सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली, वजन दोन किलो आठशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी माय-लेकी घरी आल्या. भाचीने ॲप विचारले आणि आम्ही आमच्या मोबाइलवर दोन-चार बघून, ज्याला तारे जास्त होते ते सुचवून टाकले. छान होते ते. बाळ अंगावर घेतले की बटण दाबायचे, सोडले की पुन्हा दाबायचे. किती वेळा पाजले, किती मिनिटे पाजले, सगळे रंगीत पट्ट्यांत दिसायचे. जावयांच्या मोबाइलवरही तेच दिसायचे. तिकडे पाळी संपवून ते पट्ट्या बघायचे आणि खूश व्हायचे.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही बघायला गेलो. भाचीने मोबाइल पुढे केला. “खाला, अकरा वेळा पाजलं, एकशे सत्तर मिनिटं.” ॲपने हिरवी खूण करून शाबासकीही दिली होती. बाळ मात्र गपगार झोपलेले. आम्ही सहज विचारले, “लघवी किती वेळा केली?” भाची अम्मींकडे बघू लागली. ॲपमध्ये डायपरचा एक रकाना होता, तो रिकामाच. आपल्या घरी डायपर कुठे? जुन्या मऊ साडीचे लंगोट, ते बदलायच्या अम्मी, आणि अम्मी काही ॲपमध्ये नव्हत्या.

अम्मी म्हणाल्या, “कल रात से दोच लंगोट गीले हुए. मैं बोल रही थी, पर ये लोगां मोबाइल में देखके बोले, पेट भरा है.”

आम्ही आशाताईंना फोन केला. त्या शेजारच्याच गल्लीतल्या, लगेच वजनकाटा घेऊन आल्या. वजन भरले दोन किलो साडेचारशे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते स्वाभाविक असते. पण दहा टक्क्यांवर उतरले तर थांबायचे नसते. इथे २,८०० ग्रॅममधले ३५० गेले होते, म्हणजे साडेबारा टक्के. उजेडात नेऊन पाहिले तर पिवळेपणा पायांपर्यंत पोचलेला. घरात कोणीतरी म्हणाले, चिल्ल्यात बाळ-बाळंतीण बाहेर कशी न्यायची? आशाताईंनी ते बोलणे पुढे जाऊच दिले नाही. त्याच रात्री बाळ दवाखान्यात दाखल झाले. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले. तिथल्या सिस्टरने भाचीला शेजारी बसून शिकवले की बाळाच्या तोंडात नुसते टोक नाही, भोवतीचा काळा भागही गेला पाहिजे. बाळ इतके दिवस अंगाला लागलेले दिसत होते, पण दूध पोटात जात नव्हते. अल्लाहच्या कृपेने मुलगी आता छान बाळसे धरते आहे.

यात भाचीची चूक नव्हती. तिने प्रत्येक नोंद खरी केली होती. ॲपनेही खोटे सांगितले नव्हते. चूक आमची. बाळाच्या बाबतीत काय मोजायचे असते, हे ठरवण्याआधीच आम्ही मोजायचे यंत्र निवडून दिले.

तर मग काय मोजायचे?

पाजणे मोजावे, पण मिनिटे नव्हे, वेळा. नवजात बाळाने चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा प्यायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर काय आले. पहिल्या दिवशी निदान एकदा लघवी, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असे वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. शी पहिले एक-दोन दिवस काळी, चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. तिसरी गोष्ट वजन. उतरलेले वजन दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या आकड्यावर परत यावे आणि पुढे रोज वीस ते तीस ग्रॅमने वाढावे. यासाठी रोज काट्यावर ठेवायची गरज नाही, आशाताई येतील तेव्हाचे वजन पुरे. चौथी गोष्ट ताप आणि अंगाचा गारठा. काखेत साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस ठीक.

एवढेच. झोपेचे आलेख, ‘आज बाळ चिडचिडे राहील’ असली भाकिते, शेजारच्या बाळाशी तुलना, यांची गरज नाही. उलट कच्च्या बाळंतिणीच्या जिवाला त्यांचा घोर लागतो.

बाळाची मोजदाद ही काही परदेशातून आलेली चैन नाही. आपल्या महाराष्ट्रातच तिचा धडा घालून दिला गेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निरक्षर दायांसाठी एक साधे उपकरण केले होते. मिनिटभराची वाळूची घडी आणि ओळीने मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर श्वास फार जलद आहे, न्यूमोनिया असू शकतो, उपचार करायला हवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला आकडा कळायची गरज नव्हती, लाल मणी कळत होता. पुढे १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी सुरू केली. त्या गावांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १९९३ ते १९९५ या काळात हजारी ६२ होते, ते १९९७-९८ मध्ये हजारी २५ वर आले. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आपल्या दारात आशाताई वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन येतात, त्यामागे हा अनुभव आहे.

हे आम्ही अम्मींना सांगितले तेव्हा त्यांनी उशाची तसबीह उचलली आणि म्हणाल्या, “मैं भी तो इसपेच गिनती थी तुम लोगां को.” खरेच, आम्हा भावंडांच्या वेळी ओल्या लंगोटाला एक मणी, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा ॲप निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की लंगोट बदलणाऱ्या बाईला ते वापरता येते का? येत नसेल तर निम्मा हिशेब बाहेरच राहणार.

इथे चिल्ल्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे बाळंतिणीचे चाळीस दिवस जपण्याची रीत आहे. आशाताईंच्या ठरलेल्या भेटीही जवळपास तेवढ्याच दिवसांच्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. म्हणजे बाळंतिणीला बाहेर पडावे लागू नये, काळजी घरात चालून यावी, हाच दोन्हींचा हेतू. या भेटींच्या तारखा ॲपमध्ये आधीच टाकून ठेवाव्यात. ताई आल्या नाहीत तर आपण फोन करावा. आणि चाळिसाव्या दिवशी चिल्ल्याची आंघोळ झाली की दोनच दिवसांनी, म्हणजे सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, बाळाची पुढची लस असते. त्यानंतर दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. ‘चिल्ला निघाला की लस’ एवढे लक्षात ठेवले तरी ती चुकणार नाही. मात्र बाळ आजारी असेल तर चिल्ला आड येत नाही. बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून ती रीत पडली. उपचाराला उशीर व्हावा म्हणून कोणी ती घातलेली नाही.

आता ॲपकडे येऊ. आम्ही कोणत्याही कंपनीचे नाव सांगणार नाही. ॲप बदलतात, आज फुकट असलेले उद्या पैसे मागते. पण घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

नेट नसताना चालते का? आपल्याकडे रात्री वीज जाते, रेंज जाते, महिन्याचा रिचार्ज संपतो. नोंद मोबाइलमध्येच राहावी आणि नेट आल्यावर पुढे जावी. हे पाहण्यासाठी मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकून एक नोंद करून बघावी.

एका हाताने, दोन स्पर्शांत नोंद होते का? रात्री अडीच वाजता एका हातावर बाळ असते. चार पाने उघडावी लागली तर तिसऱ्या रात्रीपासून कोणी लिहिणार नाही.

ओले लंगोट आणि पाजणे दोन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी दिसतात का? आमच्या भाचीच्या ॲपमध्ये एक दर्शनी पानावर होते आणि दुसरे आत दडलेले. म्हणून सगळ्यांचे लक्ष एकाकडेच राहिले.

भाषा कोणती? मराठी किंवा उर्दू असेल तर उत्तम. नसेल तर निदान चित्रे स्पष्ट असावीत. एका शब्दासाठी दर वेळी सुनेला हाक मारावी लागली तर सासू दोन दिवसांत ते सोडून देईल.

दोन-तीन मोबाइलवर एकाच वेळी चालते का, आणि त्यासाठी पैसे लागतात का? कुरआनच्या सूरह बकरामध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे आणि त्याआधी दूध तोडायचे असेल तर आई-वडिलांनी परस्पर राजीखुशीने, मशवरा करून तोडावे असे म्हटले आहे. म्हणजे हा विषय एकट्या आईवर टाकलेला नाही. बाप पुण्यात असो की रियाधमध्ये, त्याला खरे चित्र दिसायला हवे. पण त्याने नुसत्या पट्ट्या बघून समाधान मानू नये. रोज एकदा फोन करून विचारावे, “आज किती लंगोट?”

जाहिराती कसल्या येतात? पावडरचे दूध, दुधाची बाटली यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदाही दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचा विचार करतो. रात्री थकलेल्या आईला मोबाइलवर डब्याचे दूध दिसू लागले, तर ते ॲप काढून टाकावे. दूध कमी पडते असे वाटले तर आशाताई, सिस्टर, डॉक्टर यांना विचारावे, जाहिरातीला नाही.

शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची. ॲप काय काय मागते? वजन आणि लंगोट लिहायला तुमच्या मोबाइलमधले सगळे नंबर, तुम्ही कुठे आहात ते ठिकाण, माइक, यांपैकी कशाचीही गरज नसते. मागितले तर ‘नाही’ म्हणावे. ‘नाही’ म्हटल्यावर चालेनासे झाले तर ते ॲप आपल्या कामाचे नाही. बाळाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो टाकूच नयेत. ‘गुडिया’ म्हटले तरी हिशेब तोच राहतो. नोंदी कागदावर उतरवून घेता येतात का आणि खाते कायमचे पुसता येते का, हेही आधीच बघावे.

ही भीती उगीच घालत नाही. पाळी आणि गरोदरपणाच्या नोंदींसाठी जगभर कोट्यवधी स्त्रिया वापरत असलेल्या ‘फ्लो’ या ॲपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१ मध्ये आरोप ठेवला की, माहिती खासगी ठेवू असे वचन देऊन ती फेसबुक, गुगल यांसारख्या कंपन्यांच्या हाती दिली गेली. कंपनीला समझोता करावा लागला. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आई-वडिलांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. पण कायदा आपल्या घरी येऊन ‘मान्य आहे’चे बटण दाबणारा हात धरत नाही. बाळ आपल्याकडे अमानत आहे, तसे त्याचे गुपितही अमानतच. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याच्या वतीने संमती देताना दोन मिनिटे थांबावे.

आणि कितीही चांगले ॲप मिळाले तरी माता बाल संरक्षण कार्ड जपावे. लसीकरणाचे कार्ड म्हणतो ना आपण, तेच. त्यात वजनाचा आलेख असतो, मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा. डॉक्टर आधी तेच मागतात. हे सर्वांत जास्त लागू पडते ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना. आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कडेवर तान्ही बाळे असतात. कोपीवर ना ॲप उघडायला सवड, ना मोबाइल चार्ज करायला वीज. अशा आईने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावे आणि त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो नवरा आणि घरी राहिलेली सासू अशा दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. लसीकरणाची सरकारी नोंद आता को-विनच्या धर्तीवरच्या ‘यू-विन’वर होते. त्यामुळे बाळ सातारा-सांगलीकडे असले तरी तिथल्या सरकारी केंद्रात पुढची लस घेता येते. पण ही नोंद मोबाइल नंबरवर उघडते. हंगामात रिचार्ज संपून सीम बंद पडले की ओटीपी येत नाही. म्हणून नोंदणीला असा नंबर द्यावा जो वर्षभर चालू राहील, आणि तो कार्डाच्या मागे लिहून ठेवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘किलकारी’ ही सरकारी सेवा २०२४ पासून महाराष्ट्रातही आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला नोंदवलेल्या नंबरवर माहितीचा मोफत फोन येतो. तो कंपनीचा समजून कापू नये.

आता जी यादी देतो ती कोणत्याही ॲपवर सोडू नये. बाळ पीत नाही किंवा पिणे एकदम कमी झाले; सुस्त पडले, हलवल्याशिवाय हालचाल नाही; झटके आले; शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास; श्वास घेताना छाती आत ओढली जाते; अंग तापले किंवा हातपाय-पोट गार पडले; बेंबीतून पू किंवा भोवती लाली; पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे. यांपैकी एक जरी दिसले तरी नोंद नंतर करावी, आधी आशाताईंना किंवा १०८ ला फोन लावावा. नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात नेणे-आणणे आणि उपचार मोफत आहेत, तो आपला हक्क आहे.

आमच्या भाचीच्या घरी सध्या काय चालते तेही सांगतो. पहिले ॲप काढून टाकले. दुसरे घेतले, त्यात फक्त चार बटणे वापरतात. शिवाय स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आमच्या शाळेच्या वहीचे एक पान चिकटवले आहे. अम्मी लंगोट बदलला की त्यावर पेन्सिलने एक रेघ ओढतात. रात्री भाची त्या रेघा मोजून ॲपमध्ये भरते आणि पुण्याहून जावयांचा फोन येतो. पहिला प्रश्न लंगोटांचा असतो, मग बाकीची विचारपूस.

म्हणून आता कोणी ॲप विचारले की आम्ही आधी उलट विचारतो, “घरात लंगोट कोण बदलतं?” ज्या कोणाचे नाव येईल त्यांना शेजारी बसवून मगच मोबाइल उघडतो.

अल्लाह सर्वांच्या लेकरांना आफियत देवो आणि त्यांच्या मातांना उसंत. आमीन.